एकाच दिवशी म्हातारी झालेली यंत्रं

"ताई, धूर येतोय," शेपूट म्हणाली.

"येऊ दे. भोक पडलं पाहिजे," म्हणत चौकशीने ड्रिल मशीनचा दांडा आणखी खाली दाबला.

भोक पडलं नाही. फळीवर नुसता काळा डाग उमटला. धूर बाहेर फेकायला भिंतीत मोठा पंखा होता, पण आज तो धूर तिघांच्याच तोंडावर आणून सोडत होता.

चौकशी आठवीत होती आणि इतके प्रश्न विचारायची, की तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. शेपूट तिची धाकटी बहीण; नाव का पडलं ते सांगायला नको. तिसरा पाना. त्याच्या खिशात कायम पाना असायचा, आणि हा लग्नातही तो घेऊनच उभा राहणार अशी त्याच्या आईला काळजी होती.

चौकशीच्या फळीला सहा भोकं पाडायची होती. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दोन अशी पडली होती, जशी लोण्यात सुरी. आज तिसरं हटून बसलं होतं.

दाराशी किल्ली सांभाळत बसलेले शिपाईमामा म्हणाले, "राहू दे पोरी. चार वाजता भंगाराचा टेम्पो येतोय. शाळेच्या अध्यक्षसाहेबांनी सगळी यंत्रं बाद ठरवलीत. या खोलीत आता खुर्च्या ठेवणार."

"आणि आमच्या बाई?"

"त्या सुलेखन शिकवणार म्हणे."

कार्यशाळेच्या बाई बहिणीकडे गेल्या होत्या, त्या सोमवारी येणार होत्या. हे त्यांना सांगितलं का, असं पानाने विचारलं. शिपाईमामा म्हणाले, त्या नाहीत म्हणून तर आजचा मुहूर्त.

चौकशीने ड्रिल बंद केलं आणि ती स्टुलावर बसली. पाटीएवढी फळी आणि बाईंचा शांत आवाज, शाळेत यायला तिला एवढं कारण पुरत असे. घड्याळात अकरा वाजले होते.

अध्यक्षांचं म्हणणं शिपाईमामांनी सांगितलं: ड्रिल म्हातारं झालं, पंखा म्हातारा झाला, पाण्याचा पंपही म्हातारा झाला. पंप तर आठ दिवस नुसता घरघरत होता. टाकीत थेंब नाही. कधीतरी येईल या आशेने लोकांनी शाळेतले सगळे नळ उघडे टाकले होते.

"मामा, वायरमनकाकांनी हा विजेचा नवा बोर्ड कधी बसवला?" चौकशीने विचारलं.

"सुट्टीच्या पहिल्याच दिवशी."

चौकशी उभी राहिली. "म्हणजे तिन्ही यंत्रं एकाच दिवशी म्हातारी झाली?"

पानाला आणि तिला एकदमच आठवलं. बाईंनी छोट्या मोटारीवर दाखवलं होतं: तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या, की मोटार उलटी फिरते. उलटं फिरणारं ड्रिल लाकूड कापत नाही, घासतं. नव्या बोर्डात तारांची तशीच अदलाबदल झाली असेल तर?

पण बाईंचा पहिला नियम होता, बोर्डाला हात लावायचा नाही. तेव्हा तिघांनी फक्त डोळे वापरले. पंप बंद असताना शेपूटने त्याच्यावरची आठ वर्षांची धूळ बाहीने पुसली. खाली बाण कोरलेला निघाला. मग शिपाईमामांनी पंप चालू करून बंद केला. थांबता थांबता मोटारीचा पंखा हळू झाला, आणि तो बाणाच्या बरोब्बर विरुद्ध चालला होता.

चार वाजता अध्यक्ष, टेम्पोवाला आणि वायरमन असे तिघे आले. चौकशीने सगळं सांगितलं. वायरमन हसला. तो वीस वर्षं हेच काम करत होता.

"मोटार काय माणूस आहे, डोकं फिरायला? आम्हाला शिकवतेस होय?"

"नाही काका. फक्त दोन तारा बदलून बघा. काही झालं नाही, तर सगळं सामान आम्ही टेम्पोत चढवून देऊ."

फुकट हमाल मिळत आहेत म्हटल्यावर अध्यक्षांचं मन मोठं झालं. वायरमनने कपाळाला आठ्या घालून मुख्य स्वीच बंद केला, दोन तारा बदलल्या आणि स्वीच वर केला.

भिंतीतला पंखा बाहेरच्या दिशेने घोंगावू लागला. चौकशीने फळी धरली, दांडा दाबला. लाकडाची कुरळी साल वर आली आणि अध्यक्षांच्या बुटावर पडली. तिसरं भोक!

कोणी काही बोलायच्या आत पंपाकडे गेलेले शिपाईमामा धावत आले. टाकी भरायला लागली होती, आणि शाळेतले बावीस नळ एकदम सुरू झाले होते. त्यातला एक अध्यक्षांच्या खोलीत होता.

नळ बंद करून ओल्या पायांनी परतलेल्या अध्यक्षांनी टेम्पोवाल्याला रिकाम्या हाताने पाठवलं. वायरमन बोर्डाकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच कोणी बसवला होता.

"शाबास," अध्यक्ष म्हणाले. "हे सगळं तुम्हाला शाळेत शिकवतात?"

"हो. याच खोलीत," चौकशी म्हणाली.

अध्यक्षांनी खुर्च्यांचा विषय पुन्हा काढला नाही. सोमवारी बाई आल्या, तेव्हा अध्यक्ष दारात उभे होते. आपल्या वेळी असं काही नव्हतं, मागच्या बाकावर बसलो तर चालेल का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण आधी सुरक्षेचे नियम वहीत लिहून काढायचे. सुवाच्य अक्षरात."

मागच्या बाकावर जागा मात्र एकाचीच उरली होती. दुसऱ्या जागेवर वायरमन वही उघडून आधीच बसला होता.