बिनआवाजाची गाडी

आमची भाऊकी मोठी आहे. लग्नाच्या पंगतीत ती शोभून दिसते; पण घरात काही शुभ करायचं ठरलं, की तिच्यातलं कोणीतरी नेमकं जातं, नाहीतर जन्मतं. गेलं तर सुतक, जन्मलं तर सोयर. दोन्हींत नवी वस्तू दारात आणायची नाही.

गाडी नोंदवली तेव्हा हे आमच्या ध्यानातच नव्हतं. आमच्या यांच्या, भगवानरावांच्या, ध्यानात फक्त गाडी होती. बॅटरीवर चालणारी, परदेशी, पांढरी. आमच्या रोहिणखेडात तशी एकही नव्हती, मोताळ्यातही नव्हती. माझी शाळा सातवीला सुटली, पण हाती लागेल ते वाचायची सवय सुटली नाही. वाट बघण्याच्या महिन्यांत मी त्या गाडीचं सगळं माहितीपुस्तक मोबाइलवर वाचून काढलं, न कळलेलं व्हिडिओ बघून समजून घेतलं. गाडी यांना चालवता येणार होती. कळत ती मला होती. भिंतीवर चार्जरही आधीच बसवून घेतला. गाडी नसताना त्याचा हिरवा दिवा बघायला शेजारणी येऊन गेल्या.

सगळ्यांत जास्त हौस पुंजाजी काकांना. काका यांचे सख्खे चुलते, साखरखेर्ड्याचे. आमचं मूळ घर तिथलंच. सासरे लवकर गेले आणि यांना काकांनी वाढवलं. विधवा लेक गीताबाई काकांजवळ राहते. काका फोनवर खोदून खोदून विचारायचे.

"इंजिनच नाई म्हंतं तिले?"

"नाई काका."

"मंग आवाज?"

"आवाज बी नाई."

"मंग लोकायले समजंन कसं बे, का भगवान मोठा मानूस झाला म्हनून?"

हे हसायचे. "पहिल्यांदा तुमालेच बसवतो काका. मांगच्या सीटवर. राजावानी."

गाडी आधी जहाजात अडकली, मग बंदरावर. अखेर पाडव्याला मिळणार ठरलं आणि आदल्या दिवशी भाऊकीतली एक म्हातारी गेली. पुढची तारीख काढली तर एका चुलत दिराला मुलगा झाला. एकदा मरण आडवं आलं, एकदा जन्म. तिसरी तारीख आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची निघाली. शोरूमवाल्यांनी गोड शब्दांत सांगितलं, की या वेळी नेली नाही तर गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला जाईल.

त्याच दिवसांत काकांचा दमा वाढला. मी म्हटलं, आधी त्यांना बघून येऊ.

"आता गाडी घेऊनच जाऊ," हे म्हणाले. "थेट त्याईच्या अंगनात उभी करू."

आखाजीला सकाळी मी सासू-सासऱ्यांच्या नावाच्या घागरी भरल्या, पितरांचा नैवेद्य काढला, आणि आम्ही दोघं भाड्याच्या जीपनं शोरूमला गेलो. शोरूम तिकडे मोठ्या शहरात, सिल्लोडच्या पुढं. आत इतकं गार होतं, की मी पदर अंगभर घेतला. गाडीवर लाल कापड, बॉनेटवर रिबीन. करिष्मा नावाच्या मुलीनं आम्हाला केक कापायला लावला. मी गाडीला हळदीकुंकू वाहिलं, कापूर लावायला घेतला तर ती म्हणाली, "काकू, आत आग नको, अलार्म वाजेल." मग न पेटवताच ओवाळलं.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. गीताबाई.

यांनी नाव पाहिलं आणि फोन तसाच वाजू दिला. तो थांबला. पुन्हा वाजला.

"उचला ना," मी म्हटलं.

"आज नाई."

आमच्याकडे दूरच्या माणसाचं सुतक मरणापासून लागत नाही, कळल्यापासून लागतं. लांबच्या गावची बातमी उशिरा यायची त्या काळातला नियम. फोन आले तरी तो बदलला नाही. कोणाच्या घरी हळद लागलेली असली की फोन बाजूला ठेवतात, सगळ्यांना माहीत असतं, कोणी बोलत नाही.

"पन काका जिते असले तर?" मी हळूच म्हटलं.

"जिते असतीन तर उद्या बी असतीन."

त्यांनी त्यांचा फोन बंद केला. मग माझ्यापुढं हात धरला. मी फोन दिला. त्यांनी तोही बंद केला आणि दोन्ही खिशात टाकले. करिष्मानं टाळ्या वाजवायला सांगितल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि यांनी लाल कापड ओढलं.

गाडी खरंच आवाज करत नव्हती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आम्ही पाण्यावरून गेल्यासारखे चाललो होतो. सिल्लोड मागं पडलं. हे इतके खूश होते, की लहान पोरासारखे सगळी बटणं दाबत होते. मीही हसले. खोटं कशाला सांगू, हसले.

अजिंठ्याच्या अलीकडे टुणटुण सुरू झाली.

पडद्यावर गाडीचं चित्र आलं. पुढच्या दोन खुर्च्या हिरव्या. मागची डावीकडची लाल. म्हणजे तिथं माणूस आहे आणि त्यानं पट्टा लावलेला नाही.

"नारळ ठेवला असंन तू," हे म्हणाले.

नारळ आणि पेढे खरोखर मागं होते, पण उजव्या बाजूला. गाडी कडेला घेतली. मी ते उचलून पायाशी ठेवलं. निघालो. लाल दिवा गेला नाही.

"शोरूमले फोन लावा."

त्यांनी खिशाला हातही लावला नाही. फोन चालू केला असता तर गीताबाईचा आला असता.

शेवटी मी मागं जाऊन बसले. रिकाम्या सीटला पट्टा लावला की टुणटुण थांबते, हे मला माहीत होतं. मी पट्टा ओढला, खटका लावला. आवाज थांबला. आता नियमाप्रमाणे ढिला पट्टा आपोआप आत ओढला जाऊन पाठीला चिकटायला हवा. तो थोडा आत गेला आणि थांबला. सीटपासून वीतभर पुढं, हवेत, ताणलेला.

मी बोट लावून दाबून पाहिला. दबला नाही.

मी पुढं येऊन बसले. यांना सांगितलं नाही. नवीन गाडी आहे, असेल काहीतरी, असं स्वतःला सांगितलं. पुस्तकात सगळंच लिहिलेलं नसतं.

धाडच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागची हवा उबदार व्हायला लागली. त्या गाडीत मागच्या माणसाला आपल्यापुरतं गार-गरम करून घेता येतं. बटण मागच्या बाजूला असतं. पडद्यावर मागचा आकडा एकेक करून वर चढत होता. कोणीतरी थांबून थांबून दाबत असल्यासारखा.

"तू केलं का?" यांनी विचारलं.

"म्या कसं करू? म्या इथी बसली."

त्यांनी मागं बघायचा आरसा वर फिरवला. त्यात आता फक्त छत दिसत होतं.

गाडीत कापराचा वास होता. पूजेचा असणार. पण त्या वासात ओवाही होता, आणि पूजेत आम्ही ओवा घेत नाही. काकांना श्वास लागला की गीताबाई कापूर-ओव्याची पुरचुंडी त्यांच्या नाकाशी धरायची.

"काकाले फोन लावा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"घर येऊ दे. एकदा दारात पूजा होऊ दे. मंग लाव."

बुलढाण्याला येईतो चार्जिंग संपत आलं. घरी पोचून निम्मं उरेल असं करिष्मा म्हणाली होती. एका हॉटेलच्या मागं चार्जर होता, तिथं गाडी लावली आणि चहा प्यायला उतरलो. यांनी कुलूप लावायचं बटण दाबलं. गाडीनं दोनदा बारीक आवाज केला आणि पडद्यावर अक्षरं आली. मी काचेतून वाचली. मागच्या सीटवर कोणी राहिलं आहे, तेव्हा गाडी एसी सुरू ठेवेल, असं ती सांगत होती. लहान लेकरू आत विसरलं तर ते गुदमरू नये म्हणून तशी सोय केलेली असते.

चहा आला. यांच्या बशीत तो तसाच राहिला, साय धरली.

"घाट उतरलो का घर," ते म्हणाले. मला नाही, समोरच्या बशीलाच म्हणाले.

दारात शेजारणी जमल्या होत्या. चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी पुढं घेतली, लिंबं चिरडली, नारळ फुटला. सगळ्यांनी पुढच्या उघड्या काचेतून आत डोकावून पाहिलं. "मस्त गार हाय वं आत," एक म्हणाली. मी यांच्या खिशातून माझा फोन काढला आणि देवघरात जाऊन चालू केला.

गीताबाईनं लगेच उचलला. आवाज रडका नव्हता. उलट जीव भांड्यात पडल्यासारखा होता.

"वहिनी! पोचले का दवाखान्यात?"

"कोन?"

"कोन काय, बाबा. श्वास लई लागला होता वं. दादाले फोन लावून राह्यली होती, का गाडी पाठवता का. दादाचा लागे ना, तुमचा लागे ना. म्या म्हनलं, आता काई खरं नाई. अन् तेवढ्यात तुमचीच गाडी येऊन उभी राह्यली अंगनात."

"कोनती गाडी?"

"पांढरी. नवी. आवाजच नाई तिले, कुत्रं सुद्धा भुकलं नाई. काचा काळ्या, दादा काई दिसला नाई. मांगचं दार उघडलं. म्या अन् शेजारच्याईनं बाबाले बसवलं. म्या बी चढत होती, तं दारच लागून गेलं. म्हनलं, दादा घाईत हाय." ती थांबली. "बाबा हासले वहिनी. म्हने, भगवान बोलल्यावानी आला."

मी बाहेर आले. बायका पेढे खात होत्या. मी यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं. काय कळलं ते त्यांनाच माहीत.

मी मागचं दार उघडलं.

पट्टा लावलेला होता. सीट रिकामी.

मऊ चामड्यावर खळगा पडलेला होता. मी बघत असताना तो हळूहळू भरून आला, माणूस नुकताच उठल्यावर येतो तसा.

मी पुढं वाकून पडद्यावरचे किलोमीटर पाहिले. आम्ही आलो त्या रस्त्यात साखरखेर्डं कुठंच लागत नाही; बुलढाण्याहून ते उलट्या दिशेला आहे. आकडा साखरखेर्ड्याला जाऊन आल्याचा होता.

"काका?" हे सीटकडे बघून म्हणाले. शेजारणी खायच्या थांबल्या.

काका सापडले नाहीत. ठाण्यात तक्रार दिली. दवाखाने पाहिले, विहिरी पाहिल्या, चिखली-मेहकर रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. कंपनीचा माणूस येऊन गाडीला लॅपटॉप जोडून गेला. म्हणाला, काहीच बिघाड नाही. गुरुजींना विचारलं. देह नाही, बातमी नाही, म्हणजे सुतक नाही. दहावं नाही, तेरावं नाही. बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा. यांना सुतक नको होतं. ते लागलंच नाही.

गीताबाई रोज फोन करते. पहिल्याच घंटीला आम्ही उचलतो.

गाडी शेडमध्ये उभी आहे. त्या दिवसापासून कोणी चालवली नाही. गिऱ्हाइकं आली, यांनी परतवून लावली. कारण गाडी कुलूपबंद केली की ती अजून तेच सांगते, आणि एसी सुरू ठेवते. न चालवता तिचं चार्जिंग उतरतं. रोज संध्याकाळी स्वयंपाकाआधी मी वायर लावते. गाव हसतं, की उभ्या गाडीला वीज पाजतात. हसू दे. मागचा आकडा मी कमी करत नाही. त्यांना थंडी सोसत नाही.

गेल्या आठवड्यात शिवारातली विजेची डीपी जळाली. रब्बीचे पंप एकदम सुरू झाले की ती जळतेच. गावाची लाइन गेली. दुसरी डीपी आज येते, उद्या येते असं चाललं. गाडीच्या पडद्यावर आधी लाल रेघ आली, मग पडदाच काळा झाला. आज उजाडताच हे जनरेटर आणायला मोताळ्याला गेले. मांडववाल्याकडे मिळतो.

ते गेल्यावर मी शेडमध्ये गेले. थंडी होती. गाडी मुकी उभी होती. बॅटरी पार संपली की दाराच्या मुठी आतच राहतात, बाहेर येत नाहीत. आडवेळेसाठी एक साधी किल्ली असते, ती यांच्या खिशात मोताळ्याला गेली होती.

पुढच्या काचा कोरड्या होत्या. मागची डावीकडची तेवढी धुरकट होती. मला वाटलं दव आहे, म्हणून पदरानं पुसली. पुसली गेली नाही. वाफ आतून होती.

मी काचेवर हात ठेवला.

वाफेचा डाग निवळत गेला. मग पुन्हा दाटला. पुन्हा निवळला.

मी यांना फोन लावला. ते "निघालो, निघालो" म्हणत होते, मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. मी काचेवरून नजर काढली नाही.

डाग दाटत होता, निवळत होता. मधला वेळ वाढत चालला होता.