आठवी ‘ब’च्या दारातला पहारा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासोबत घडलेली आहे. तीही रात्री नाही, भर दुपारी.

गेल्या वर्षीचा एप्रिल. एकादशी. जागा, बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या शहराचं नगर परिषदेचं जुनं हायस्कूल. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथं शिकलेले ओळखतीलच.

काळ्या दगडाची इमारत, सागवानी छत, मधोमध मोठा हॉल. डॉक्टरचा मुलगा अन् भाजीवाल्याचा मुलगा एकाच बाकावर बसून एकाच छडीचा मार खायचे, अशी ती शाळा. तिची एक रीत होती. पुढच्या तासाचे सर दारात आल्याशिवाय आधीच्या सरांनी वर्ग सोडायचा नाही. घंटा होऊन गेली तरी सर उंबऱ्यात उभे.

कुणीतरी येईपर्यंत.

माझे यजमान शालिग्राम सर तिथंच शिकवायचे. या रीतीपायी कितीदा उशिरा जेवायला आले! मी चिडले की म्हणायचे, "पोरं सोडून कसा येऊ?"

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शाळेतच सेंटर झालं. वर्गांमध्ये खाटा पडल्या. सरांना खाट मिळाली ती नेमकी आठवी ‘ब’मध्ये, हॉलला लागून. त्यांचाच वर्ग. फोनवर हसले होते, "रिकामा राह्यला असता, बरं झालं मी आलो."

तिथंच गेले.

मला फाटकाबाहेरून दाखवलं. गुंडाळलेलं.

मी रडले नाही. नंतरही नाही. कीर्तनाचं मला लहानपणापासून वेड, अजूनही पुढच्या रांगेत बसते. महाराज करुण प्रसंगावर आले की सगळ्या बाया पदर डोळ्याला लावतात. मी बघत राहते. आत काही हलतच नाही.

पुढं शाळा नव्या इमारतीत गेली, जुनी पाडायचं ठरलं. त्याआधी माजी विद्यार्थ्यांनी हॉलमध्ये सप्ताह बसवला. आमच्याकडे सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकू देत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, गळाभेट घ्यायची, मग वीणा द्यायची. याला पहारा म्हणतात. वीणा देणारा मोकळा होतो, घरी जातो. अन् ज्यानं जी वेळ धरली, त्यानं रोज तीच वेळ सांभाळायची.

माझी वेळ दुपारची. माझ्यानंतर अमडापूरचे इंद्रभान. सर शाळेत लागले त्याच्या आधीच ते मॅट्रिक होऊन गेलेले, त्यांनी सरांना कधी पाहिलंच नव्हतं.

व्यवस्था बघणारी वंदना सकाळीच म्हणाली होती, "काकू, उपास धरून उभ्या राह्यता? पडसान एखांद्या वेळी. मंग महाराज तुमचाच दृष्टांत देतीन!"

"पडले तरी वीणा वरच धरीन," मी म्हटलं.

दुपारी सगळे मागच्या मैदानात फराळाला गेले. इंद्रभानची वेळ झाली. इंद्रभान नाहीत.

हॉलमध्ये मी एकटी.

फोन पिशवीत, पिशवी लांब भिंतीपाशी. नाम घेता घेताच आवाज चढवला. कूलरच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार? डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली.

वीणा टेकली तर सप्ताह मोडला. या शाळेतला शेवटचा. माझ्या हातून.

एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात कूलर बंद पडला. लाइट गेली असेल.

त्या शांततेत... आठवी ‘ब’ची कडी वाजली.

सेंटर उठल्यापासून त्या दाराला कुलूप होतं.

मग चपला. सावकाश. थोडं चालणं... थांबणं. थोडं चालणं... थांबणं. बाकांमधून वह्या बघत फिरावं तसं.

हॉलमध्ये एकही बाक नव्हता.

वळून बघायचं होतं. मान वळेना. सॅनिटायझरचा वास आला. अन् त्याच्या आड... खडूचा.

गळ्यातला पट्टा हलका झाला.

मागून कुणीतरी वीणा उचलून घेतली होती.

पुढचं मला आठवत नाही.

"काकू! ओ काकू!"

मी भिंतीला टेकून बसलेली. समोर इंद्रभान. वीणा त्यांच्या गळ्यात.

"माफी करा, गाडी पंक्चर झाली फाट्यावरच. थे काका नसते तं आज वीणा खालीच आली असती."

"कोण काका?"

"थे मास्कवाले. त्या दारात उभे होते न वीणा घेऊन. म्या पाया पडलो. एवढ्या उनाचे पाय बरफावानी गार! गळाभेटीले पुढं झालो तं मांगं सरकले. हात आडवा केला, दूर राहा म्हून. आता कोन मास्क लावते, काकू? वीणा देली अन् वर्गात निघून गेले."

मी दाराकडं पाहिलं.

कुलूप होतं.

वीणेच्या काळ्या पट्ट्यावर पांढरी बोटं उमटली होती. खडूची. मी हात पुढं करेपर्यंत वंदना धावत आली. "कोनं हात पुसले वं माय इथं?" म्हणाली अन् पदरानं पुसून टाकली.

तेव्हा तरी रडू येईल असं वाटलं.

नाही आलं.

उरलेले दिवस इंद्रभान वेळेआधी यायचे. एकटे कधी नाही. तरी माझी वेळ संपत आली की, ते हॉलच्या दारात दिसायच्या आधीच, पट्टा क्षणभर हलका व्हायचा. मी मागं पाहिलं नाही. काल्याचं कीर्तन फार रंगलं म्हणतात. मला एक शब्द आठवत नाही.

आता पाडकाम सुरू आहे. हॉल गेला. आठवी ‘ब’ तेवढी उभी आहे, तीही या आठवड्यात जाईल. मी दुपारी फाटकाशी जाऊन उभी राहते. मजूर विचारतात, "काऊन उभ्या हा उनात, काकू?"

वीणा देणारा मोकळा होतो, घरी जातो.

सर वर्गात गेले होते.

त्यांच्यानंतर कुणाचा तास आहे... ते मला अजून कळलेलं नाही.