फाइल शेजारच्या टेबलावर

पडदे शिवणारी ती खरं तर विजेच्या कचेरीकडे निघाली होती. एक मजला चुकली आणि लघुउद्योग मदत कक्षात जाऊन बसली.

"वीज वरच्या मजल्यावर," तिथला सल्लागार हसला. "पण आलाच आहात तर सांगा... काय शिवता?"

सरकारी इस्पितळाचं काम एका मोठ्या कंपनीला मिळालं होतं. त्यातलं थोडं छोट्या कारखान्यांना द्यावंच लागतं, हे त्यानं तिला न कंटाळता दोनदा समजावलं. तीनशे पडदे! ते मिळाले तर तिची बंद पडलेली चार मशीनं पुन्हा धावली असती.

मग त्याची बोलावणी सुरू झाली. कधी कापडाचा नमुना, कधी कापड पेट घेत नाही याचा दाखला, कधी नुसती सही. नमुना बोटांत धरून तो बघायचा मात्र तिच्याकडे...

"सहीसाठी तीन खेपा?" काज करता करता आत्या म्हणाली. "एक तर त्याला काम येत नाही, नाहीतर तू आवडतेस."

"आत्या, काहीतरीच तुझं!"

पण नक्की काय, ते तिलाही कळेना.

कंपनीशी बोलणी उद्यावर आली, आणि तो मान वर न करताच म्हणाला, "तुमची फाइल आता शेजारच्या मॅडमकडे."

ती उठून शेजारच्या टेबलाशी गेली. आपलं काय चुकलं? आणि पडद्यांचं काय?

मॅडमनी नोंदवही पुढे सरकवली. "बदल मान्य असल्याची सही करा."

कारणाच्या रकान्यात त्याचं अक्षर होतं – 'अर्जदाराविषयी वैयक्तिक ओढ.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग वही उचलून त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"नियम आहे. असं काही असेल तर... कळवावं लागतं."

"कचेरीला कळवलंत, मॅडमना कळवलंत. आणि मला?"

त्याचे कान लाल झाले. "तुमच्यासाठी... फॉर्म नव्हता."

"मग तोंडानं सांगा की!" मॅडम ओरडल्या. "आणि ती वही इकडे द्या."

त्यानं वही तेवढी मॅडमना नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी बोलणी झाली. दीडशे पडदे मिळाले – अर्धेच. म्हणजे दोन मशीनं तरी चालणार! ती खाली आली, तर जिन्यापाशी तो उभा.

"आता माझा एकही कागद तुमच्याकडे नाही," ती म्हणाली. "कशासाठी बोलावणार?"

"तुम्ही आवडता मला... म्हणून. याल?"

"येईन," ती म्हणाली. "पण असं एका खेपेत सांगत जा."