रबराचं बाळ

कामाला निघताना ‘येते’ म्हणायची रीतसुद्धा ऋतुजानं सोडली होती. गळ्यात कॉलेजचं कार्ड अडकवलं की सुनेची मान सासूकडे वळतच नाही, ही कौसाबाईंची तक्रार अख्ख्या गल्लीला पाठ होती.

बार्शीतली दोन पिढ्यांची बाळं कौसाबाईंनी पायांवर घेऊन न्हाऊ घातली. हिनं सहा आठवड्यांत खाजगी कॉलेजातून ‘नवजात निगा’चं सर्टिफिकेट आणलं, आणि लोक तिलाच बोलवायला लागले. तिथं स्मृतिमोजे घालायला देत. कुणा जाणत्या बाईच्या हातांची हालचाल त्या मोज्यांत भरलेली असे. रोज सराव केला की ती शिकणारीच्या नसांत उतरे.

आज ऋतुजा देशमान्यांच्या बाळाला न्हाऊ घालायला गेली, तशा कौसाबाईही न बोलावताच तिथं गेल्या. “कार्डवाल्या बाईंचं काम बघते,” म्हणत मोरीच्या दारात बसल्या.

ऋतुजानं तेरा दिवसांचं बाळ पायांवर घेतलं. कोपर बुडवून पाणी पाहिलं. चोळताना तिची उजवी करंगळी ताठ उभी राहिली.

कौसाबाईंनी आपली करंगळी पाहिली. वरवंटा पडल्यापासून ती वाकतच नव्हती.

“तुझी करंगळी कधी मोडली गं?”

“मोज्यांतली सवय आहे, आत्याबाई. सगळ्या मुलींची तशीच राहते.”

दोन वर्षांपूर्वी त्याच कॉलेजनं कौसाबाईंना न्यायला गाडी पाठवली होती. मोजे चढवून दुपारभर रबराचं बाळ न्हाऊ घालायला लावलं आणि साडी-नारळ देऊन परत पाठवलं. कौसाबाईंच्या अंगाचा भडका उडाला. माझ्याच हातांनी ही माझी घरं घेते!

तेवढ्यात बाळानं रडता रडता श्वास धरला. ओठ निळसर झाले. ऋतुजाचे हात मात्र त्याच लयीत पाणी ओतत राहिले.

“आत्याबाई, हात थांबत नाहीत.”

कौसाबाईंनी बाळ ओढून छातीशी उभं धरलं, तोंडावर फुंकर घातली. क्षणभर काहीच नाही. मग ते टाहो फोडून रडलं.

बाळ आईकडे देऊन त्या सुनेसमोर बसल्या. “तुझ्यासंगं किती जणी शिकल्या?”

“चारशे.”

“कार्डावर नाव तुझं, हात माझे. पण ते रबराचं बाळ एकदाही रडलं नाही, म्हणून तुझ्या हातांना थांबणं ठाऊक नाही. तू अर्धीच शिकलीयेस. उद्यापासून तू न्हाऊ घालशील तिथं मोरीच्या दारात मी बसेन. त्या चारशे जणींच्या दारात कोण बसणार गं?”