चौथी फेरी

नोटीस बोर्डापुढे उभा राहून वेंडेल मोठ्याने वाचत होता, "पोहण्याची परीक्षा राहिलेले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी... व्हर्ना हाल्वर्सन. एकटीच! ही कोण बुवा?"

"मीच," पाठीमागून आवाज आला.

वेंडेलचे कान लालबुंद झाले. व्हर्नाला ते कान तेव्हाच आवडले, पण हे तिने पुढे कितीतरी महिने कुणाला कळू दिलं नाही.

"आमच्या नेब्रास्कात मका असतो," ती म्हणाली. "मक्यात पोहता येत नाही."

"आमच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर मुलं आधी पोहतात, मग चालतात. मंगळवारी आणि शुक्रवारी तलावावर मीच असतो, परीक्षाही मीच घेतो. ये. बुडू देणार नाही."

"आणि बुडाले तर?"

"तर... बोर्ड मोकळा होईल!"

एकसष्ट सालची गोष्ट. टेकडीवरच्या त्या छोट्या कॉलेजात न थांबता, तळाला पाय न टेकता चार फेऱ्या पोहल्याशिवाय पदवी मिळत नसे, मग तत्त्वज्ञानात तुमचा पहिला नंबर का येईना. नेब्रास्कातल्या ओमाहाच्या शाळेत व्हर्नाची नोकरी ठरली होती, ती पदवीच्या अटीवरच.

हिवाळाभर ती शिकायला गेली. बंदिस्त तलावाच्या उबेतून बाहेर बर्फात पाऊल टाकलं की तिचे ओले केस कडक होऊन किणकिणायचे. एकदा वेंडेलने आपली लोकरी टोपी तिच्या डोक्यावर चढवली.

"घाल, नाहीतर बटा मोडून पडतील."

"आणि तू?"

"माझे कान आपोआप तापतात... तू पाहिलंयस."

मे उजाडला, लायलॅकची जांभळी फुलं फुलली. परीक्षेच्या दिवशी व्हर्ना टोपी परत द्यायला पिशवीत घालूनच आली. एक फेरी झाली, दोन, तीन. चौथीत, उथळ बाजूला, दम तुटला आणि क्षणभर पाय तळाला टेकला. क्षणभरच. ती तशीच पुढे गेली.

"झालं!" वेंडेल म्हणाला आणि त्याने यादीवर सही केली.

ती कपडे बदलून बाहेर आली. लायलॅकच्या झाडापाशी पाय अडखळले. या कॉलेजात परीक्षेला वर्गात कुणी पहारा द्यायला बसत नसे. पेपरच्या शेवटी आपणच लिहून द्यायचं, मी लबाडी केलेली नाही. चार वर्षं तिने ते लिहून दिलं होतं. ती मागे वळली.

"वेंडेल, माझा पाय टेकला होता."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग सही का केलीस?"

तो पाण्याकडे वळला.

"नापास झालीस तर उन्हाळाभर इथेच राहशील, माझ्याकडे शिकत... आणि मला तेच हवं होतं. इतकं हवं होतं, की वाटलं, नापास केलं तर ते स्वार्थापोटीच, आपल्या न्यायाचा काही भरवसा नाही. हिला पास केलेलंच बरं."

व्हर्नाला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"म्हणजे दोघेही लबाड. खोड ती सही."

"पाचला यादी कार्यालयात जाते. दमली आहेस तू, व्हर्ना."

"अजून तास आहे. तू काठाने चाल. बोलू नकोस."

ती पुन्हा पाण्यात उतरली. तो काठाने चालत राहिला, तिच्याच गतीने. चौथ्या फेरीत, जिथे पाय टेकला होता तिथे, तोच थबकला. ती मात्र थांबली नाही. तिचा हात भिंतीला लागला तेव्हा त्याने मान डोलावली, जुनी सही खोडली आणि नवी केली. कागद ओला झाला होता.

"आता तू जाणार," तो म्हणाला.

"ओमाहाची शाळा सप्टेंबरात उघडते." ती धापा टाकत होती. "तुमच्या मेनचा समुद्र... थंड असतो का रे?"

"जूनमध्ये फार."

"मग ऑगस्टपर्यंत मला तिथेच पोहायला शिकवावं लागेल तुला."

बाहेर ऊन पडलं होतं. व्हर्नाने पिशवीतून टोपी काढली. त्याने हात पुढे केला, तर तिने ती आपल्याच ओल्या केसांवर घातली... भर मे महिन्यात.

"परत द्यायला आणली होतीस ना?"

"हो, आणली होती," ती म्हणाली. "तुझे कान बघ, वेंडेल. तुला कशाला हवी टोपी?"