सुदामदेव दाराशी

या, असे चटईवर जवळ सरका. बुवा कीर्तनाला उभे राहायच्या आत एक गोष्ट सांगतो. आपल्या पेडण्यातलीच आहे, आणि जिच्या घरी घडली तिच्या हातचे तांदळाचे पोळे मी पोटभर खाल्लेत.

निवृत्तीबुवांच्या शेवटच्या कीर्तनात पूर्वरंग छान रंगला. "सुदामदेव द्वारकेच्या दाराशी आलेत, आता त्यांना आत घेऊ," असं म्हणून ते मध्यंतराला थांबले. सगळ्यांना बुका लावायला यजमान वाटी घेऊन पुढे आला, आणि बुवा जे खाली बसले ते उठलेच नाहीत. उत्तररंग राहिला. त्यांच्या मुलीनं, क्षमानं, तेवढं कीर्तन मोबाईलवर घेतलं होतं. एक्केचाळीस मिनिटं.

दोन वर्षांनी बुवांची बायको, पद्मावतीकाकी, न्हाणीत घसरून कंबर मोडून घेऊन खाटेला लागली. क्षमा दिवसभर मोप्याला विमानतळावर ड्युटीला. काकींचं मागणं एकच, दुपारी चारला घरातल्या जुन्या कंप्युटरवर बुवांचा आवाज. पण कंप्युटर समोरच्या भिंतीशी, आणि त्याचं बटण तुटलेलं. क्षमा आतल्या पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवून चालू करायची. म्हणून तिनं म्हापशाच्या, कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या सर्वेशला बोलावलं.

सर्वेश मोजूनमापून बोलणारा. बायको देवळात गेली की हा बाहेर चपला सांभाळणार. त्यानं कंप्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, बटणाच्या दोन पिनांवर काडेपेटीएवढा रिसीव्हर जोडला आणि काकींच्या हातात एका बटणाचा रिमोट दिला. कंप्युटर सुरू झाला की कीर्तन आपोआप लागेल, अशी सोय केली.

चार दिवसांनी तक्रार आली. कीर्तन मध्येच बंद पडतं. सर्वेश येऊन बघत बसला. बुवांनी नमन सुरू केलं, काकींनी हात जोडले, आणि रिमोट तळव्यांच्या मधोमध. बटण चार-पाच सेकंद दाबून राहिलं की कंप्युटर बंद पडतो.

"काकी, नमस्कार करा, पण रिमोट उशीवर ठेवून."

"देवाक हात जोडले तर तुझा मशीन मरता? कसला रे ह्या?" काकी हसल्या. मग आवाज खाली आला. "पुता, मी जावच्या आधी सुदामदेव भितर येवंक व्हये. दोन वर्सां दारात उभे आसत."

जे रेकॉर्डच झालं नाही ते आणणार कुठून? सर्वेश पिशवी आवरत राहिला.

पुढच्या आठवड्यात क्षमाचा फोन. रिमोट कपाटात ठेवला तरी चारला कंप्युटर सुरू होतो. शेजारच्या कुणाच्या फाटकाचा रिमोट जुळत असणार, सर्वेश म्हणाला. तो आला, रिसीव्हर उपटला आणि पिशवीत टाकला. पिना मोकळ्या. आता चालू व्हायला कारणच उरलं नव्हतं. तो झाकणाचे स्क्रू पिळत असताना घड्याळात चार वाजले.

आतला पंखा घरघरला.

नमन झालं. अभंग झाला. सर्वेश पडद्यावरचे आकडे बघत होता. सुदामदेव दाराशी आले, आणि आकडा एक्केचाळीसवर थांबला.

आवाज थांबला नाही.

आधी माणसांची कुजबुज. मग खोलीत बुक्याचा वास. मग चिपळ्या, आणि बुवांनी घसा साफ केला.

सर्वेश उठला.

"बस," काकी हळूच म्हणाल्या. "आख्यानात उठतत काय?"

तो बसला.

अर्ध्या तासानं आरती झाली. पंखा थांबला.

"इले भितर," काकी म्हणाल्या. हात जोडलेलेच होते. पुढं त्या काही बोलल्या नाहीत. क्षमा येईपर्यंत सर्वेश त्यांच्या पायाशी बसून राहिला.

रेकॉर्डिंग क्षमानं नंतर लावून पाहिलं. एक्केचाळीस मिनिटांचंच आहे.

त्या दिवशी सर्वेश घरी पोचला तेव्हा बायकोनं, रोहिणीनं, दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. मयताच्या घरून आलास ना, मग कपाळावर बुका कोणी लावला, तिनं विचारलं.

तेव्हापासून सर्वेश चपला सांभाळत नाही. तो बघा, खांबाशी बसलाय. आता मध्यंतरात वाटी फिरेल, बुका लागेल, तेव्हा पद्मावतीकाकींची आठवण काढा. बोट कुणाचं, ते बघायला मान मात्र वर करू नका.