पंखाखालचा लाल ठिपका

“खालची बाजू आधी कर, पोरी. वरची काय, कुणीही रंगवतं.”

वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचं हे सांगणं मी संग्रहालयाच्या कार्यशाळेतही पाळत आले. सकाळी दिवा लावायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि दुपारपर्यंत मौन ठेवून काम करायचं, हा माझा रोजचा नेम. “ताईंना दुपारी कंठ फुटतो,” अशी कार्यशाळेत थट्टा चाले. मला तिचं काही वाटत नसे.

त्या वर्षी आमच्याकडे समुद्राच्या तळातून काढलेलं लढाऊ विमान आलं. महायुद्धात विमानवाहू जहाजावरून उडालेलं. तळाशी ते उलटं पडलं होतं, त्यामुळे पंखांची वरची बाजू वाळूत रुतून टिकली. खालच्या बाजूचा रंग खाऱ्या पाण्यानं खाल्ला होता. तिथे नुसता पत्रा उरला होता.

संग्रहालयाचं इतिहासाचं काम बघणाऱ्या प्रोफेसरांचा सगळा जीव त्यावरच्या राष्ट्रचिन्हात. निळं वर्तुळ, त्यात पांढरा तारा, ताऱ्याच्या मधोमध लाल ठिपका. शत्रूच्या विमानांवर नुसता लाल गोळा असायचा. लांबून तोफवाल्यांना लाल तेवढं दिसायचं, आणि आपलेच लोक आपल्या विमानांवर तोफा डागायचे. म्हणून युद्धाच्या मध्येच हुकूम निघाला, प्रत्येक वैमानिकानं आपल्या विमानावरचा लाल ठिपका पांढऱ्यानं झाकावा. आमच्या विमानाच्या पंखांवर, वरच्या बाजूला, तसा घाईनं फासलेला पांढरा थर होता.

तरीही हे विमान स्वतःच्याच जहाजानं पाडलं होतं.

“म्हणजे खाली लाल तसाच होता,” प्रोफेसर म्हणाले. “जहाजावरून विमानाचं पोटच दिसतं ना. खाली लाल रंगवा, ताई.” फलकाचा मजकूर त्यांनी तयारच ठेवला होता. त्यात एक वाक्य होतं: वैमानिकाने आदेशाकडे दुर्लक्ष केले.

त्या वाक्यासाठी मावशी आल्या. वैमानिकाची धाकटी बहीण. आता काठीशिवाय चालवत नव्हतं.

“आळशी होता हो तो,” त्या म्हणाल्या. “अंथरुणाची घडी म्हणून कधी घातली नाही. पण सांगितलेलं काम टाळणारा नव्हता. मी आयुष्यभर लोकांची बोलणी ऐकली. आता हे भिंतीवर लावणार?”

“मावशी, कागदात जे आहे तेच लिहावं लागतं,” प्रोफेसर म्हणाले.

“कागद होता का तिथे?”

प्रोफेसरांनी मजकुराचा कागद उलटा ठेवला. वाक्य मात्र राहिलं.

मी चाकांच्या फळीवर उताणी झोपून पंखाखाली सरकले आणि चिन्ह रंगवलं. लाल ठिपका शेवटी. छान गोल बसला.

दुसऱ्या सकाळी त्याच्या एका कडेवर पांढरा रंग होता. निम्म्याहून कमी भाग झाकलेला, ओला. आमचा पांढरा गुळगुळीत असतो. हा खडूसारखा भरभरीत होता, त्यात ब्रशाचे केस अडकले होते. शेवटचा फटकारा ठिपक्याबाहेर निसटून पंखाच्या टोकापर्यंत गेला होता. कुणीतरी हाक मारावी आणि हात ओढला जावा, तसा.

“मौनात खोड्या चालतात वाटतं?” प्रोफेसर हसत म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी तो भाग पुसायला लावला, पुन्हा लाल करून घेतला, आणि संध्याकाळी शेडला स्वतः कुलूप घालून किल्ली घरी नेली.

सकाळी कुलूप त्यांनीच उघडलं.

पांढरा तिथेच आला होता. तिथेच थांबला होता. तोच फटकारा, त्याच टोकापर्यंत.

प्रोफेसरांनी बोट लावलं. वास घेतला. मग बराच वेळ रुमालानं बोट पुसत राहिले.

“समुद्राचा वास येतोय,” ते हळूच म्हणाले.

दुपारी त्यांनी फलकाचा मजकूर काढला आणि ते वाक्य खोडलं.  मग म्हणाले, “करायला घेतलं होतं त्यानं. मधेच उडायची हाक आली, वेळच मिळाला नाही.”

मावशींना बोलावून घेतलं. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मी पंखाखाली आरसा धरला. त्या कितीतरी वेळ आरशात बघत होत्या.

“हा डाव्या हाताचा फटकारा. तो डावखुरा होता,” एवढंच म्हणाल्या. मग माझा हात धरला. “त्याचं रोज तिथवरच होतंय गं. तुझ्याकडे वेळ आहे ना? पुरं कर तेवढं.”

“करते, मावशी.”

“ताई, खरं तसं नव्हतं,” प्रोफेसर म्हणाले. “तो पडला तेव्हा लाल उरलेला होता.”

“मग फलकावर तेही लिहा. उरलेलं पांढरं नंतर कुणीतरी केलं, म्हणून.”

त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दिवा लावून मी लवकरच निघाले. शेडमध्ये कुणी नव्हतं. पांढऱ्याचा डबा घेतला, फळीवर झोपले आणि पंखाखाली सरकले. ठिपक्याची पांढरी कड अजून ओलीच होती.

फळी एका माणसापुरतीच आहे. मी ब्रश बुडवला, हात वर नेला, तेव्हा शेजारी कुणीतरी अंग चोरून मला जागा करून दिली.